शोभाचा गुडघा आणि दुसरं ताट

सोमवार, संध्याकाळ

फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, एका जवानाला एकच ताट. या सवयीनं, फौजेतून निवृत्तीनंतर बँकेत लागलो आणि तिथला विमा मिळाल्यावर फौजेचं दवाखान्याचं कार्ड मी कपाटात टाकलं होतं. पण बायकोच्या, शोभाच्या गुडघ्याचं ऑपरेशन विम्यात बसतं, नंतरची औषधं बसत नाहीत. शेवटी आज माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो, विमा असताना हे दुसरं ताट कसं घेऊ, तेही बोललो. तिथला कारकून, तोही फौजीच, हसला. “काका, एकच बिल दोन्हीकडं लावू नका. बाकी हे दुसरं ताट न्हाय, त्याच ताटातली भाकरी हाय की!”

मग इतकी वर्षं मी कुणाचं जेवण वाचवत होतो?

मागं एसटीची पायरी चढता आली नाही, तेव्हापासून शोभानं मंगळवेढ्याचं, माहेरचं नाव काढलं नव्हतं. आज चहा गाळताना म्हणाली, “हुरड्याला जाऊ की. एसटीनंच.”