रक्तात काही उगवलं नाही

९ ऑक्टोबर २००४, वेस्ट विंडसर

पोचलो एकदाचा! टेक्सासमधल्या अर्विंगहून बसनं येताना हाडं खिळखिळी झाली, पण भाड्यानं घेतलेलं बेसमेंट झकास आहे. वेगळं बाथरूम, छोटी खिडकी, खिडकीत मेपलची लालबुंद पानं. वर मनोहरकाका आणि पद्मिनीकाकू राहतात. काकूंनी आल्याआल्या गरम वरणभात वाढला. कॉलेज मधेच का सोडलंस, असं काकांनी विचारलं. मन रमेना, म्हटलं. नाव ईशान सांगितलं. ते माझं नाव नाही.

हॉलमध्ये त्यांच्या लेकीचा, आश्लेषाचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. परक्यासारखा नमस्कार केला.

१२ ऑक्टोबर

तो डबा पाहिला. फ्रीजवर ठेवलाय, बिस्किटांचा, निळा. आत पुण्याहून बॅगेत भरून आणलेल्या गोळ्या. अँटिबायोटिकची तर पाकिटंच्या पाकिटं. इथे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस बरा होतो, म्हणून आपल्या प्रत्येक घरात असा डबा असतोच, असं काकू कौतुकानं सांगत होत्या. शेजारच्या नीनामावशीही त्यातूनच मागून नेतात म्हणे.

ह्याच डब्यानं माझी आश्लेषा खाल्ली.

गेल्या वर्षी तिला ताप यायचा. बाबांच्या डब्यातल्या गोळ्या चालू आहेत, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. तिच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू, तिथे जंतू बसले होते. गोळ्यांनी ते मेले नाहीत, लपले. हॉस्पिटलनं तिच्या रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहिले, तर काही उगवलं नाही. जंतू कळेना, नेमकं औषध ठरेना, ऑपरेशन लांबत गेलं. छाती उघडली तोवर झडपेचा लगदा झाला होता. यांत्रिक झडप बसवली. शुद्धीवर आल्यावर तिनं फोन छातीला लावला. टिक, टिक, टिक. "ऐक वेड्या, मी घड्याळ गिळलंय."

आठवड्यात गेली.

बापानं डॉक्टरांना डब्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. मी त्याला सोडणार नाही.

२३ ऑक्टोबर

काकांचा ताप उतरत नाही. त्यांचीही झडप तशीच, रक्तातनंच आलेली. सोमवारी तपासणीला रक्त द्यायचंय, आणि तोवर एकही गोळी घ्यायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. काकांनी डबा उचलून माझ्याच हातात दिला. खाली ठेव बाबा, म्हणाले, डोळ्यांसमोर नको.

देव आहे, यार.

त्यांच्या कॉफीत दोन गोळ्या कुस्करल्या. कडू लागते म्हणाले. साखर वाढवली.

२६ ऑक्टोबर

खाली टिकटिक ऐकू येते. माझ्या खोलीत घड्याळ नाही. डब्याला कान लावला. तिथूनच.

भीती कसली? ती आहे. तिला कळलंय मी काय करतोय. दुपारभर हसत पडून राहिलो.

१ नोव्हेंबर

रक्तात काही उगवलं नाही.

काका ॲडमिट. जंतू न सापडलेले पेशंट ऑपरेशनला उशिरा पोचतात आणि उशिरा पोचलेले कमी परततात, असं सर्जननं काकूंना सांगितलं. अँटिबायोटिक घेतली होती का, पुन्हा पुन्हा विचारलं. काकांनी लेकीची शपथ घेऊन नाही म्हटलं. सर्जन थांबलाय.

तुम्हीही थांबा, काका. ती थांबली होती तसे.

रोज थर्मासमधून घरची कॉफी नेतो. काकू मला गुणाचं पोर म्हणतात. आज बसमध्ये थर्मास मांडीवर होता. आत टिकटिक. शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

५ नोव्हेंबर

काकू आज फोटोपुढे बसून बोलल्या. गोळ्या काकांनी दिल्याच नव्हत्या. त्यांना पत्ताच नव्हता. पोरीनं चोरून घेतल्या. ताप दिसला असता तर घरच्यांनी तिकीट कॅन्सल केलं असतं, म्हणून. डॉक्टरांशीही खोटं बोलली. हे सगळं तिनं शेवटी आईजवळ कबूल केलं.

तिकीट अर्विंगचं होतं. "कुणी वीर म्हणून होता," काकू म्हणाल्या. "त्याला भेटायचं होतं तिला."

वीर मी.

टिकटिक आता डब्यात नाही. जिन्यावर आहे. एकेक पायरी उतरते.

६ नोव्हेंबर

टिकटिक करून ती हसत नव्हती, मला अडवत होती. मला वाटलं होतं — तिचा जीव बाबांवर — आणि मी त्यांनाच —

सकाळी वॉर्डला फोन लावला. रिंग नाही, नुसती टिकटिक. तरी बोललो. गोळीचं नाव सांगितलं, कधीपासून, किती, माझं खरं नावसुद्धा, सगळं. बोललो तेवढा वेळ टिकटिक थांबली. मग पलीकडून एक नर्स ओरडून कुणाला तरी बोलावत होती.

सर्जन आता थांबणार नाही. जंतू गोळ्यांनी लपले होते हे कळलं, आजच ऑपरेशनला घेणार.

७ नोव्हेंबर

काका वाचले. नवी झडप नीट चालतेय. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, मग म्हणाल्या, वीर, घर सोड.

बॅग भरली. दार उघडत नाही.

मला ताप आहे. टिकटिक —

छातीत. माझ्याच. हात दाबून धरला तरी —

उशाशी कप आहे. मी केलेला नाही. वाफ येतेय. ती पायथ्याशी बसलीय, कप पुढे सरकवते —

कडू आहे, आशू, मी नाही —

म्हणते, साखर वाढवते —