सातव्या होलवरचा चेंडू

३ जाने., मुलुंड
क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. क्लबच्या पन्नाशीच्या सोहळ्यात कॅडींच्या वतीने बोलाल का? आबा तिथले कॅडी, चाळीस वर्षं मागच्या फाटकातून आत गेले, साहेबांच्या गोल्फच्या पिशव्या वाहिल्या. आता त्यांची मुलगी स्टेजवर. हो म्हटलं. कुणाला सोडणार नाहीये.

६ जाने.
भाषण पेटलंय. शेवट तेवढा गोड: क्लबचे जुने मेंबर डॉक्टरसाहेब, आबा त्यांचे कॅडी; त्यांनी सातव्या होलवर एका फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला, त्या आनंदात कॅडींना हॉलमध्ये टेबलावर आपल्याशेजारी जेवायला बसवलं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी कॅडी हॉलमध्ये जेवतात. क्लबच्या इतिहासातलं एवढंच पान मला मान्य.
आबांना वाचून दाखवलं. चहा तसाच टाकून उठले.

७ जाने.
सकाळी आपणहून बोलले. चेंडू कुठे पडतो ते बघायला कॅडी पुढे जाऊन उभा राहतो. सातवं होल टेकाडामागे, मागच्यांना दिसत नाही.
"वीतभर बाहेर ऱ्हवललो गो. मी पायान आत ढकललंय."
डॉक्टरांची बायको जाऊन महिना झाला होता. त्यानंतर पहिल्यांदाच खेळायला आले होते.
"ता पण सांग भाषणात. मराच्या आधी खरा काय ता होऊंदे."
म्हटलं, डॉक्टर नव्वदीचे झालेत, पहिल्या रांगेत असतील.
"म्हणानच सांगतंय."

१० जाने.
सत्य माईकवरून बोललं पाहिजे, हे मी गोवंडीच्या सभेत बोलले, साकीनाक्याला दगड खाऊन बोलले. आता एक ओळ लिहवत नाही. हॉलच्या भिंतीवर त्या फटक्याची पाटी आहे. पाटी खोटी. त्यातून निघालेली पंगत मात्र... चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी ठेवली ओळ.
माझी खाडाखोड बघून आबा टोमणा मारून गेले, "एवडी मोटी भाषणा करणारी ना गो तू?"

१३ जाने.
सोहळा झाला. डॉक्टर चाकाच्या खुर्चीत. त्यांनी आबांना शेजारी बसवून घेतलं. मी मागच्या फाटकाबद्दल बोलले तेव्हा सेक्रेटरींचा चेहरा उतरला, मागून कॅडींच्या टाळ्या. मग ती ओळ आली. समोर पाहिलं. डॉक्टरांनी आबांचा हात धरला होता, सोडत नव्हते.
मी पान उलटलं.
रिक्षात घाबरले होते मी. मग आबा म्हणाले, "तुका नाय जमला. बरा झाला. माझा काम, तुझ्यावर टाकलंय. रविवारी माका तेंच्या घराक घेवन चल."

१४ जाने.
डॉक्टर वर्सोव्याला राहतात. फोन केला, या म्हणाले, आनंदाने. आबांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय. त्यांच्याबरोबर आत जाऊ की जिन्यातच थांबू, ठरत नाहीये.