आतून कडी लावू नका

प्रिय आई,

बाबा खाली फिरायला गेलेत आणि सव्वीस मिनिटं झाली, म्हणून तुला लिहायला बसले. बेलव्ह्यूचा आमचा रस्ता तुला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या मेपलपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं पुरतात. फोन लावला तर तो इथेच सोफ्यावर वाजला. परवा त्यांचं अमेरिकेतून पुण्याला परतायचं विमान आहे. कोथरूडच्या घरात एकटा राहीन म्हणतात, आणि मला काही सुचत नाहीये. तुझ्याशिवाय कुणाला सांगू हे?

जपानला जाऊन आलो गं. आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी इथे आली होतीस तेव्हा फोनवर तो व्हिडिओ लावून बसायचीस: कुठल्याशा खेड्यातली लाल झालेली झाडं, खाली वाफाळणारं कुंड आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या म्हाताऱ्या. "झाडं लाल, पाणी कढत आणि घाई करायला कुणी नाही," म्हणायचीस. पुढच्या ऑक्टोबरला नक्की, असं मी म्हटलं होतं. पुढच्या ऑक्टोबरला ऑफिसात माणसं कमी करत होते, मी रजा मागायला घाबरले. आणि या ऑक्टोबरला तूच नाहीस. एवढं वर्ष थांबायचं होतंस ना!

उत्तरेकडच्या तोहोकू भागात गेलो. एका डब्याची गाडी दरीतून जाते. भाताची कापणी होऊन गेलेली, घरांच्या वळचणीला सोललेली केशरी फळं माळेने वाळत टांगलेली, आणि वरचा डोंगर लाल-पिवळा. तू गाडीतून उतरलीच नसतीस. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. मी मात्र झाडं कमी आणि बाबांनाच जास्त पाहत होते. गोळी घेतली का? पायरी दिसली का?

हॉटेलच्या मालकीणबाईंनी पिशवीला लावायला एक घंटी दिली. त्या जंगलात अस्वलं आहेत, माणूस येतोय हे त्यांना कळायला हवं. मी ती बाबांच्या सॅकला बांधली. अस्वलाचं मला काही नव्हतं, बाबा कुठे आहेत ते मला कळायला हवं होतं. गोठ्यातल्या गाईसारखं वाटतंय, असं कुरकुरले, पण काढली नाही. इराने फोनवर माझ्या सगळ्या सूचना ऐकल्या आणि म्हणाली, "मॉम, यू साउंड एक्झॅक्टली लाइक आजी." तुला नातीची भाषा कळायची नाही तेव्हा मी सांगायचे, तसं हेही सांगते: मी अगदी तुझ्यासारखी बोलते म्हणे.

अजून आले नाहीत. एकतीस मिनिटं.

आणि मग कुंडाची वेळ आली. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्याचा अर्थ पुरुषांच्या बाजूच्या निळ्या पडद्यापाशी आल्यावर डोक्यात शिरला. तिथून पुढे मी जाऊ शकत नव्हते! पाण्यात पंचासुद्धा चालत नाही म्हटल्यावर बाबा तर आधी नाहीच म्हणाले. शहात्तर वर्षांत परक्या माणसासमोर असं कधी गेले नव्हते. मग म्हणाले, तुझ्या आईला जायचं होतं, तेव्हा जायला हवं.

मी बाहेर बाकावर बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सॅक माझ्या मांडीवर, म्हणजे घंटीही माझ्याकडेच. कढत पाणी, बीपीची गोळी, आणि तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये आलेली ती चक्कर! तेव्हापासून तू दाराबाहेर उभी राहायचीस. आतून कडी लावायची नाही हा तुझा नियम. दर पाच मिनिटांनी तू "झालं का?" म्हणायचीस आणि ते वैतागून "झालं, झालं." मी तुला किती चिडवायचे! एकदा तर म्हटलं होतं, अगं, त्यांना निवांत आंघोळ तरी करू दे.

तू स्वतः मात्र कडी लावायचीस. तुझ्या दाराबाहेर कोण असायचं, आई? वॉचमनने दार तोडलं, पण तोवर सगळं संपलं होतं. आठ महिने मी हा प्रश्न बाबांना विचारला नाही.

विसाव्या मिनिटाला राहवेना. पडद्याशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, झालं का?" काही नाही. मालकीणबाई धावत आल्या. पुन्हा हाक मारली. मग आतून, लांबून आवाज आला, "झालं, झालं." मी बाकावर बसले आणि रडले.

बाहेर आले ते गुलाबी होऊन, डोक्यावर छोट्या टॉवेलची घडी. गावातले एक आजोबा पाण्यात शेजारी होते, त्यांनी तो तसा ठेवायला शिकवला म्हणे. मग बाबा माझ्याजवळ बसले.

"पहिली हाक ऐकली होती मी," ते म्हणाले. "आठ महिन्यांनी कुणीतरी विचारलं गं. पुन्हा ऐकावंसं वाटलं."

मला चिडताही येईना. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. तिला अर्धा तास झालाय, हे कळलं होतं मला. वाटलं, रोज मी हिला ताटकळत ठेवतो, आज हिला निवांत आंघोळ करू दे. म्हणून हाक मारली नाही, वैजू."

आई, त्यांच्यावर कशी रागावू? निवांत आंघोळ करू दे हे बोलणं माझंच होतं. त्या घरात ते मीच सोडून आले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगतेय.

दार वाजलं. आले! त्रेचाळीस मिनिटं. खिशात मेपलची पानं आहेत, पुण्याला न्यायची म्हणे, तुझ्या फोटोपाशी ठेवायला. मला विचारतात, चेहरा का असा?

जाऊ देते त्यांना, आई. ते घर सोडवत नाही त्यांना, आणि का ते आता कळलंय. आत्ताच दोघांनी बसून ठरवलंय. पुण्यातले सकाळचे सात म्हणजे माझे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. त्यांनी फोन बाथरूमबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, कडी लावायची नाही, आणि मी इथून दर पाच मिनिटांनी विचारायचं. मीटिंग असली तरी. पण त्यांचीही एक अट आहे. मी इथे बाथरूम आतून लॉक करते, हे त्यांनी पाहून ठेवलंय. "तुला कोण विचारतं?" म्हणाले, "मग तूही कडी लावायची नाहीस."

तेव्हा तुला वचन देते. यापुढे मीही आतून कडी लावणार नाही. आणि कुणी विचारलं, तर पहिल्याच हाकेला ओ देईन.

तुझी,
वैजू