गरम पाण्याच्या विहिरीतला चुना

अप्पा, ओरत्तनाडूच्या वाटेवरची आमची गरम पाण्याची विहीर सोमवारी सिमेंट ओतून बुजवणार आहेत. विहीर म्हणजे जमिनीत खोलवर घातलेली लोखंडी नळी. खालचं कढत पाणी तिच्यातून आपोआप वर यायचं आणि त्याच्या उष्णतेवर शेजारच्या गावाचं ओलं भात वाळायचं. अर्धी नोकरी परमुलखात काढून मी तंजावूरला परतले ती हिच्यासाठी. तुम्ही हिला पाहिलंच नाहीत, आणि आता दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पाण्यातला चुना पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात. न्हाणीघरातल्या बंबाला आतून पांढरा थर धरला, की कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारे तुम्ही रविवारी वेष्टी वर खोचून त्यात चिंचेचं पाणी भरून ठेवायचात. मी एकदा सळई घेऊन खरवडायला बसले, तर हात धरलात. "अवसरम कशास ग? भांडं फोडशील. निवांत सुटूं दे." रागावलात तरी आवाज चढत नसे तुमचा. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

आमच्याकडे निवांत कोण असतं? वर येताना दाब उतरला की पाण्यातला वायू निसटतो आणि चुना नळीलाच धरतो. म्हणून खाली औषध सोडणारा पंप आधी बसायला हवा होता. तो आलाच नव्हता, पण उद्घाटनाचा मुहूर्त ठरला होता. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, "नल्ल नेरम टळून चालायचं नाही, अम्मा." नळीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, लिंबू कापलं, आणि पाहुण्यांना वाफ दिसावी म्हणून व्हॉल्व्ह सताड उघडला. मी नको नको म्हणत राहिले. दाब कोसळला, चुना फार खोलवर धरू लागला; काही हंगाम भात वाळलं, पण नळी आतून बुजत गेली. पंप मग आला, वरातीमागून घोडं. दोनदा ॲसिड सोडलं, पण थर सुटला नाही. रडू येतं हो अप्पा, या वयातही.

काल भात वाळवणाऱ्या बाईनं विचारलं, "अम्मा, पाणी का थांबलं?" साहेबांनी शिकवून ठेवलं होतं तेच मी बोलले, भूमीची ऊब संपली म्हणून. तिनं थंड नळीला हात लावून नमस्कार केला. म्हणाली, "असू दे. पुष्कळ दिलं तिनं."

खाली पाणी आजही तितकंच कढत आहे, अप्पा. हे मी मराठीत लिहिलं, कारण तुमच्यामागे घरात आता ती कुणाला वाचता येत नाही.