शुक्रवारची शांतता

१२ जानेवारी २००५, बुधवार

समाजमंदिरात जाऊन आले. दिपाली म्हणाली होती, ‘बाई, तुम्ही काही करू नका. फक्त बसा.’ बसणे म्हणजे काही न करणे, हे विधान मी वर्गात खपवून घेतले नसते. पण एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले त्यात ती माझी सर्वांत हट्टी विद्यार्थिनी — गेले.

भिवंडीत कामतघरच्या समाजमंदिरात दर बुधवारी तीन वाजता युद्धाची झळ लागलेली माणसे जमतात. डॉक्टर ठाण्याहून पंधरवड्याने येतात, तपासतात, गोळ्या लिहून देतात. मधले दिवस दिपालीचे. तिने एका संस्थेत तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले आहे. औषधाच्या जोडीला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीनेही माणूस सावरतो, असा तिचा दावा. पुरावा काय, असे विचारले. ‘तो तपासायलाच तुम्हांला बोलावलं,’ म्हणाली. उत्तर चतुर आहे, पुरावा नव्हे.

तिघे होते. चांगदेव, इराकच्या वाटेवर ट्रक चालवून परतलेला, अखंड बोलतो. कमळ, जिचा मुलगा कारगिलला पडला. ती बोलत नाही, सर्वांना चहा देते. आणि केसरीनाथ, कारगिलहून धड शरीराने परतलेला, पलटण सोडून दोन वर्षे झाली. घर शंभर पावलांवर. पण तो घरी झोपत नाही. गल्लीतल्या अनंताच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात, कापडाच्या ताग्यांवर झोपतो. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

प्रश्न लक्ष वेधून घेणारा आहे.

१४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी लिहायला बसले होते. वीज गेली, रेडिओ बंद पडला. पुढचे उद्या.

१९ जानेवारी, बुधवार

केसरीनाथची बायको मैना आली होती. सोबत पाच वर्षांची मुलगी भाग्यश्री आणि माहेरून, दिघाशी गावाहून, आलेला भाऊ धनेश. मैना मुद्द्याचे बोलते. ‘मारीत न्हाय, पीत न्हाय. पन घरान ऱ्हात न्हाय. पोरगी इचारते, बाबाला दुसरा घर हाय का?’

धनेशने सर्वांसमक्ष मुदत घातली. ‘होळीला मी जीप घेऊन येनार. तवर दाजी घरान झोपाया लागले तर ठीक. न्हायतर बहीन आन् भाची दिघाशीला. परत धाडनार न्हाय.’

केसरीनाथ जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘तुझी जीप होळीपर्यंत सुरू झाली तर.’

चांगदेव हसला. मैनाही हसली, आणि मग पदराने डोळे पुसले. म्हणजे तिला जायचे नाही. हे गृहीतक म्हणून नोंदवण्यास हरकत नसावी.

२१ जानेवारी, शुक्रवार

भर दुपारी केसरीनाथ घरी गेला, मुलीला खाटेखाली घातले आणि दाराला पाठ लावून दोन तास बसून राहिला. मैनाला दार उघडू दिले नाही. पोर खाटेखालीच झोपली.

सगळ्यांचे मत एकच — लूमचा आवाज. अहोरात्र खटखट, तोफगोळ्यांची आठवण येणारच. मलाही पटले. कार्य दिसते, जवळच संभाव्य कारण आहे, दोघांचे साहचर्य उघड आहे. मी सुचवले की त्याला थोडे दिवस दिघाशीला, शांत ठिकाणी पाठवावे. दिपाली म्हणाली, ‘त्यालाच विचारू या का?’ मी म्हणाले, ज्याला कारण ठाऊक नाही त्याला काय विचारायचे?

२ फेब्रुवारी, बुधवार

दिघाशीचा प्रयोग फसला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तो सापडेना. शेवटी शेताच्या बांधामागे पालथा पडलेला मिळाला. हाका ऐकत होता, ओ देत नव्हता. धनेशने हाताला धरून आणून सोडले.

‘बाई, तुमी लई शिकलेल्या,’ तो मला म्हणाला. ‘हितं निदान कारखान्यान झोपत तरी व्हता.’

 कमळने माझ्यापुढे चहा ठेवला. ती इतरांपुढे ठेवते तसाच.

३ फेब्रुवारी, गुरुवार

चूक कागदावर मांडायला हवी. मी केवळ अन्वय पाहिला: जिथे आवाज, तिथे त्रास. व्यतिरेक पाहिलाच नाही. आवाज नाही तिथे त्रास नाही, असे आहे का? नाही. दिघाशीला आवाज नव्हता आणि त्रास दुप्पट झाला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याला उभे केले असते.

त्याला असा त्रास झाला त्या दिवसांच्या तारखा मैनाकडून मागवल्या आहेत.

८ फेब्रुवारी, मंगळवार

दिघाशी वगळून सात तारखा. पाच शुक्रवार! भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, हे मला पन्नास वर्षे ठाऊक आहे. उरलेल्या दोन दिवशी काय झाले ते

वीज गेली.

९ फेब्रुवारी, बुधवार

उरलेल्या दोन दिवशी लोडशेडिंग होते. म्हणजे त्याही दिवशी लूम थांबले.

सकाळी केसरीनाथला घरी बोलावले आणि या वेळी सरळ विचारले: शुक्रवारी तू कुठे असतोस? म्हणाला, ‘कोन गावच्या रस्त्याला, बाई. ट्रक चालू असतात ना.’

बोलत असतानाच वीज गेली. रेडिओ थांबला, त्याच क्षणी गल्लीतले सगळे लूम थांबले. तो उठून भिंतीला लागला. चेहऱ्यावर घाम.  मग भिंतीला टेकूनच बोलला:

‘गोळे पडत असतात तोवर कळतं बाई, कुठं पडतंय. आवाज थांबला की कळत नाही पुढचा कुठं. आमच्या बाजूचा खंदक गेला तो आवाज थांबल्यावर. सगळे म्हणाले संपलं, चहा ठेवा. मी पाणी आणायला गेलो...’

 निघताना म्हणाला, ‘वीज गेली तसा तुमचा हात रेडिओवर गेला.’

बटण पाहत होते, असे मी सांगितले.

१६ फेब्रुवारी, बुधवार

आज समाजमंदिरात अनंतालाही बोलावले होते. माझे प्रतिपादन असे: शांतता टाळता येणार नाही, परंतु अचानक येणारी शांतता टाळता येईल. केसरीनाथला आधी सांगितले पाहिजे. दिपालीने तिथल्या तिथे कामे वाटून दिली. वीज मंडळाचे वेळापत्रक कोण आणील, कोण कोणत्या दिवशी सांगेल, शांततेत सोबत कोण बसेल. मैना म्हणाली, ‘माजी शिलाई मशीन हाय. मी चालवीन. पायाला काय वीज लागत न्हाय.’

अनंता कुरकुरला. ‘म्हणजे आता लूम बंद करायलाही आमंत्रण धाडायचं?’

‘धाडा,’ कमळ म्हणाली. ‘माझ्या दारात तार आली तेव्हा आधी कुणी सांगितलं नव्हतं.’

तिचा आवाज मी प्रथमच ऐकला. अनंताने मान डोलावली.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल संध्याकाळी अनंताच्या कारखान्यावरून गेले, मुद्दाम. एक म्हातारा कारागीर दारात येऊन ओरडला, ‘फौजी, दस मिनट में बंद!’ केसरीनाथ चालत घरी गेला. मैनाचे मशीन आधीच सुरू होते. आज तिथे चांगदेव बसला आहे. म्हणजे आवाजाची कमतरता नाही.

दिपाली येऊन गेली. ‘बाई, हा रेडिओ कधीच बंद नसतो का? सेलवर चालणारा तरी घ्या.’ हा आईचा आहे, एवढेच सांगितले.

१६ मार्च, बुधवार

केसरीनाथ गेल्या आठवड्यात चारदा घरी झोपला. पण होळीसाठी कारागीर उत्तरेकडे आपापल्या गावी चालले आहेत. २२ तारखेपासून दहा दिवस कारखाना बंद. एवढी लांब शांतता त्याने पाहिलेली नाही. आणि नेमके त्यातच धनेश येणार.

‘सहा दिवस आधी सांगितलं ना,’ केसरीनाथ म्हणाला. ‘पुष्कळ झालं.’

२५ मार्च, शुक्रवार. होळी

दुपारी त्यांच्याकडे जेवायला. गल्ली इतकी शांत की विहिरीवरची बादली ऐकू येत होती. केसरीनाथ पाटावर बसला होता.  मुलीने त्याचा एक हात धरून ठेवला होता. मंगळवारपासून घरीच झोपतो, असे मैनाने मला हळूच सांगितले.

जीप आली. धनेशने आत येऊन सगळ्यांकडे पाहिले. मी, कमळ, चांगदेव, अनंता आणि मशीनवर मैना. ‘दाजी, झोपता कुठं?’

‘हितंच. तुला जागा नाही, तू जीपमधे झोप.’

धनेश पुरणाच्या दोन पोळ्या खाऊन एकटाच परत गेला. भाचीला मात्र एक फेरी मारून आणली.

दिपालीचा दावा सिद्ध झाला असे एका उदाहरणावरून म्हणता येणार नाही. खंडित मात्र झालेला नाही.

२७ मार्च, रविवार

ही वही पहिल्यापासून वाचली. दोन नोंदी मध्येच तुटल्या आहेत, दोन्ही वीज गेल्यावर. सात तारखांवरून मी केसरीनाथबद्दल निष्कर्ष काढला. माझ्या स्वतःच्या दोन तारखा याच वहीत होत्या.

तर लिहून ठेवते. धाकटा भाऊ रघू १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर बेपत्ता झाला. पकडलेल्यांची नावे पलीकडच्या रेडिओवर वाचतात, असे आईला कुणी सांगितले. तिने रेडिओ लावला तो बंद केला नाही. बंद असताना नाव वाचले तर? ती गेल्यावर मीही केला नाही. तेहेतीस वर्षे झाली. आता कोणी नावे वाचत नाही, हे मला पूर्णपणे ठाऊक आहे.

दिपालीला यातले काही सांगितलेले नाही.

३० मार्च, बुधवार

पावणेदोनला केसरीनाथ दारात. ‘बाई, दोनला वीज जाणार. सांगायला आलो.’ आत येऊन रेडिओशेजारी बसला.

दोन वाजून गेले. रेडिओ बंद आहे. मी लिहिते आहे.