रोहित पक्ष्यांपुढे आभारप्रदर्शन

तीर्थस्वरूप दिग्विजय दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा जिना चढू देतो का? प्रियदर्शनीताईने गोड सोडले, की सांगणाऱ्यालाच गप्प केले?

इटलीच्या सार्डिनिया बेटावरून आमचे पुणेकर पथक परतले. येत्या रविवारी धायरीत माझे सचित्र व्याख्यान आहे : ‘मी पाहिलेले भूमध्य समुद्रावरचे रोहित पक्षी’. (फलक आम्ही निघण्यापूर्वीच लागला होता. पक्षी दिसतील का, असले क्षुद्र प्रश्न संयोजकांना पडत नाहीत.)

डोंगरातल्या पायवाटेवर डोक्यावर गिधाडे घिरट्या घालत होती म्हणे. आमची मंडळी माना खाली घालून मोबाइलवर गिधाडांचे फोटो शोधत होती. बाबुराव बिल्डरांनी मोकळा किनारा नजरेने मोजला आणि मला विचारले, “एवढी जागा रिकामी ठेवून यांना मिळतं काय हो?” याच गृहस्थांनी खडकवासल्याकडचा ओढा बुजवून ‘पाणपक्षी हाइट्स’ उभारली आहे. पक्षी हाकलायचे आणि इमारतीला त्यांचे नाव द्यायचे, ही आपली निसर्गपूजा!

अखेर खाजणाकाठी रोहित दिसले. शेकडो, गुलाबी, एका पायावर. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी ओठांवर बोट ठेवले. मी कॅमेरा काढणार, तोच आमच्या सहल-प्रमुख रुपालीताई म्हणाल्या, “सर, दोन शब्द बोला ना!” मी नकार दिला. (एकदाच. पुण्यात दुसऱ्यांदा दिलेला नकार खरा धरतात.) मग ओढे, भराव आणि बाबुराव या विषयावर हळू आवाजात बोललो. पुढे आवाज चढला, तो मुद्द्याचा दोष. दाजी, एकही पक्षी हलला नाही. असे श्रोते मला टिळक रस्त्यावरच्या सभागृहातही मिळालेले नाहीत. पण सभा झाली म्हणजे आभार आलेच. रुपालीताईंनी विमान कंपनीपासून सुरुवात करून “इथे आवर्जून उपस्थित राहिलेल्या पक्ष्यांचेही” आभार मानले आणि मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. आकाश आधी गुलाबी झाले, मग साफ निळे; माझा कॅमेरा पिशवीतच. बाबुराव म्हणाले, “सभा संपली की उठायचंच असतं.” मार्गदर्शक बाई इटालियनमध्ये बरेच काही बोलल्या. आम्ही त्यांनाही टाळ्या दिल्या.

ताईला नमस्कार, आपणांस प्रकृतीची काळजी घेण्याची आज्ञावजा विनंती.

आपला,
रंगनाथ

ता. क. : भिगवणच्या चिखलात बसून आपण काढलेले रोहितांचे फोटो अप्रतिम आहेत, असे मी नेहमीच म्हणत आलो आहे (मनात). ते शनिवारपर्यंत पाठवावेत. मागे ऊस दिसत असेल ते वगळावेत.

आणखी ता. क. : व्याख्यानाच्या अध्यक्षपदासाठी मी आपलेच नाव सुचवले आहे. मानाची खुर्ची आहे. शिवाय अध्यक्षांनी वक्त्याला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही.