मशीनच्या पत्र्याला करंट

३ ऑगस्ट
परत शॉक! वॉशिंग मशीनचं झाकण उघडायला गेले आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, “ओले हात लावलंस आसतलंस.” कपडे धुताना कोरडे हात कोणाचे असतात?

४ ऑगस्ट
वायरमनला बोलवा म्हटलं. झालं! “खाणीर मोटरी बांधल्यो मी. आनी तू माका शिकवतंस?” खाण केव्हाची बंद पडली — ह्यांची ऐट काही बंद पडत नाही. मशीनचा बोर्ड गेल्या महिन्यात ह्यांनीच बसवला. तेव्हापासूनच हे शॉक. पण बोलायची सोय नाही!

७ ऑगस्ट
आता गॅस! एजन्सीचा माणूस आज येतो, उद्या येतो करत राहिला, म्हणून ह्यांनी नळी स्वतःच बदलली. मला वास आला. जोडावर साबणाचं पाणी लावलं — फेस फुगायला लागला! सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. आणि हे? “इतक्याशान काय होता?” घरात सून सेजल पोटुशी, सातवा महिना, आणि म्हणे काय होतं!
जेवायला पाव आणि केळी. वाढलं आणि उठले.

८ ऑगस्ट
एजन्सीच्या दारात जाऊन उभीच राहिले. माणसाला घेऊनच घरी आले. नळी नीट बसली. हे तोंड फिरवून बसलेत. बसू देत.

११ ऑगस्ट
सेजल पडली. मशीनमधून कपडे काढताना फेकली गेली — माझ्या डोळ्यांसमोर! ती ओरडलीसुद्धा नाही. मी मेन स्विच पाडला आणि शेजारच्यांच्या गाडीतून तिला डिचोलीच्या हॉस्पिटलात नेलं. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. सर्वेश मुरगावहून ड्यूटी टाकून धावत आला. बापाकडे बघितलंही नाही त्यानं.
मी मात्र ऐकवलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चारचौघांत. “तुमच्या ऐटीपायी नातवंड जात होतं!”

१२ ऑगस्ट
अमोल वायरमनला मीच बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. “काकी, काळी वायर अर्थिंगच्या हिरवीच्या जाग्यार लावल्या. सगळो करंट मशीनच्या पत्र्यातसून फिरता. कोणी केल्यान ह्या?”
“हे बसलेत ना समोर, मोठे मेकॅनिक!” म्हटलं. ह्यांनी मान वर केली नाही. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

१४ ऑगस्ट
सेजल घरी आली. बाळ ठीक आहे.
ती निजल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “काळां आनी हिरवां माका येकच दिसतां गे. डॉक्टर म्हणता, दोनूय डोळे जातले. वर्स जालां. दिसता तवसर घरातलां काय तरी करून घेवया म्हटलां.”
भाजी करपली. मला उठून गॅस बंद करता येईना.